ढग तुमचा की आमचा

नंदुरबारला मिरचीवाले ढगाला भितात.
डिसेंबरात तोरणमाळच्या अंगाला
करडं काही दिसलं तरी
पथारीवरच्या बाया देठ खुडणं सोडून
ताडपत्रीकडे पळतात.
आणि आम्ही तीन वर्षांपासून
अख्खी पेढी ढगात ठेवली आहे:
कुणाकडे किती येणं, गुंटूरचा भाव,
इंदूरच्या व्यापाऱ्याला दिलेली सूट,
जी शेठ घरात वहिनींनाही सांगत नाहीत.

हजेरीचा अंगठा देताना
देवकाबाईने एकदा विचारलं,
"ताई, आम्हना पगारनं पुस्तक कोठे शे आते?"
मी म्हटलं, ढगात.
तिने वर पाहिलं. मग माझ्याकडे.
"मंग पानी उनं ते?"

जुनी चोपडी लाल कापडात असायची,
तिजोरीची किल्ली शेठच्या करगोट्याला.
नव्या कुलपाचा पासवर्ड मात्र
कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशेबाखाली,
दुकानाचं नाव आणि पुढे एक दोन तीन.
तो मला ठाऊक, भाच्याला ठाऊक,
मापाड्याला, चहावाल्याला,
ज्याला ज्याला कधी घाईत म्हटलं
"जरा बघ रे, भाव किती लिहिलाय",
त्या सगळ्यांना.

यंदा काहीतरी खटकत होतं.
इंदूरला आम्ही किलोला एकशे बेचाळीस सांगायचो,
समोरची पेढी एकशे एकेचाळीस.
आमचे अडतीस, तर त्यांचे सदतीस.
रोज एक रुपया,
जणू कुणी खांद्यावरून ओणवं होऊन वाचतंय.
शेठनी लिंबू बांधलं. कॅमेरा बसवला.
हमालांचे खिसे तपासले,
त्याची मला अजून लाज वाटते.

मग एका रात्री मी ती यादी उघडली
जी कधी कुणी उघडत नाही:
कोण आलं, केव्हा आलं.
सकाळी सहा दहा. सहा बारा. सहा नऊ.
हेमराज.

हेमराजभाऊ, ज्यांनी मला
नावे आणि जमा शिकवलं,
आणि हेही, की चुकलेला आकडा खोडायचा नसतो,
त्यावर एक रेघ ओढायची,
खालचं दिसलं पाहिजे.
दोन दिवाळ्यांपूर्वी त्यांना नारळ दिला,
शालीसकट, म्हणून तो निरोप वाटला.
डायरी मागून घेतली, पेनसुद्धा.
किल्ली मागायचं कुणाला सुचलं नाही,
कारण किल्ली दिसतच नव्हती.

कुणी काही फोडलं नव्हतं.
तीस वर्षं ज्या दारात सकाळ काढली
तिथे माणूस सवयीनेही डोकावतो.
असंही असेल.
समोरच्या पेढीवर त्यांचा मुलगा बसतो आता.

नाव काढायला बोट एकदा टेकवावं लागतं.
"नक्की?" असं त्याने विचारलं.
रेघ ओढायची सोय असती तर मी रेघ ओढली असती.

आता ज्याचं त्याचं कुलूप वेगळं.
शेठच्या फोनवर सहा आकडे येतात,
चष्मा सापडेपर्यंत विझतात,
शिव्या मला.
भाच्याला फक्त आवक दिसते, सूट नाही,
म्हणून तो फुगून बसलाय.
दर शनिवारी सगळ्याची नक्कल मी एका डबीत उतरवते
आणि डबी पेढीत ठेवत नाही.
कुठे ठेवते, ते इथेही लिहिणार नाही.

आज पहाटे मुद्दाम जागी होते.
सहा दहा: प्रवेश नाकारला.
सहा अकरा: प्रवेश नाकारला.
मग काही नाही.
त्या काही नाहीकडे मी बराच वेळ बघत राहिले.

आठला पथारीवर गेले तर
खाट नाकात, आभाळ खाली आलेलं,
देवकाबाई कमरेवर हात ठेवून वर बघतेय.
"ताई, हाऊ ढग तुम्हना शे का आम्हना?"

मी चपला काढल्या
आणि ताडपत्रीचं दुसरं टोक धरलं.